सणाचं पोट

आमच्या घरात डाळ किती उरली हे कोणी पाहत नसे, ऐकत असे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चुलीच्या धुराने काळं पडलेलं, माझ्या कमरेएवढं एक मातीचं मडकं होतं. त्यात लाखोळीची डाळ. आई येता-जाता बोटांच्या पेरांनी मडक्याच्या पोटावर टकटक करी. फाल्गुनात, नुकतं भरलेलं असताना, आवाज ठस्स येई. मग दर आठवड्याला तो थोडा खाली सरके, आणि वैशाख अर्धा झाला की मडकं खण्ण वाजू लागे. त्या दिवसापासून आमच्या ताटातला पिवळा रंग जाई. भात आणि अंबाडी, भात आणि तरोट्याची भाजी, भात आणि चिंचेचं सार. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, थोडी तूर असे, पण ती सणाला आणि पाहुण्याला. सगळ्यात जास्त कष्टाचे दिवस म्हणजे रोवणीचे, चिखलात वाकून धानाची रोपं लावण्याचे, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरात डाळ नसे. आई ते कधी बोलून दाखवत नसे. मडकं वाजवी आणि पुढच्या कामाला लागे.

लाखोळीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाही तर कोणी तरी मला पत्र लिहील. ही डाळ रोज आणि नुसती खाल्ली तर पाय अधू होतात असं म्हणत, आणि ते खरं आहे. आई डाळ पुष्कळ वेळ भिजवून ते पाणी फेकी, उकळून पुन्हा पाणी फेकी, आणि मगच फोडणीला टाकी. आमच्या घरात कोणाचे पाय गेले नाहीत. यापलीकडे मला वैद्यकातलं काही कळत नाही.

घरात माणसं सहा आणि ढोरं सत्तावीस. आमचं गाव दिघोरीपासून दोन कोसांवर, सगळी धानाची शेती, एका अंगाला बोडी म्हणजे लहान तलाव, आणि मागे मोहाची झाडं असलेली टेकडी. आमच्या गावात माणसाची पत ढोरांवरून ठरे. सोयरीक जमवायला आलेले पाहुणे आधी कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, डोकावत आणि मग ओसरीवर बसत. संध्याकाळी कळप परतला की बाबा कोठ्याच्या दारात उभे राहून प्रत्येक ढोराच्या पाठीवर हात ठेवून मोजत. एक, दोन, तीन. सत्तावीसपर्यंत पोहोचले की त्यांचा चेहरा सैल पडे. मला आकड्यांची गोडी लागली ती तिथेच, त्यांच्या धोतराला धरून उभी असताना. आणि तरीही पाहुण्यांना आमच्याकडे लाल चहा मिळे, कारण सत्तावीस ढोरांत दुभत्या गाई चार, त्यातल्या एका वेळी दोन आटलेल्या. माझा मामा दर वेळी कप तोंडाला लावून म्हणे, "भाऊजी, एखादी गाय आमच्या घरून पाठवून देऊ का, चहापुरती?" बाबा हसत नसत.

मी नववीत असताना शाळेत विज्ञानाला नवे सर आले. दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास म्हणून त्यांनी एकच गोष्ट सांगितली : घरातली अशी एक गोष्ट मोजून आणा जी आजवर कोणी मोजलेली नाही. मुलांनी विहिरीची खोली मोजली, आजोबांचं वजन केलं. मी घरी पोहोचेपर्यंत ठरवलं होतं की मी एका ढोराचं पोट मोजणार. ते किती खातं हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. सगळे म्हणत, "खाते ना पोटभर." पोटभर म्हणजे किती, हे विचारलं की लोक माझ्याकडे अशा नजरेने पाहत जणू मी आभाळाची रुंदी विचारली.

धान मोजायचा मोठा तराजू बाबांनी कोठ्याच्या आढ्याला टांगून दिला. मी सकाळी तणसाच्या, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाच्या, पेंढ्या वजन करून टाकी, संध्याकाळी गव्हाणीत उरलेलं गोळा करून पुन्हा वजन करी, आणि फरक वहीत लिही. सहा ढोरं निवडली होती : दोन बैल, दोन गाई, दोन गोऱ्हे. बारा दिवस. माझे हात तणसाने ओरखडले, केसांत कुसळं अडकली, आणि मी इतकी खुशीत होते की जेवायलाही हाका माराव्या लागत. मधेच गायगोधनाचा सण आला. ढोरांना बोडीत धुतलं, शिंगं रंगवली, गळ्यात मोरपिसांच्या माळा घातल्या. घरोघरी ढोरांसाठी नव्या तांदळाची खिचडी शिजली, अळणी वडे तळले, कोहळं कापलं. ढोरकी, म्हणजे गुराखी, नाचत-गात दारोदार आले आणि प्रत्येक घरच्या बाईने त्यांच्या कळपाला टोपलीभर घास दिला. मी टोपल्यांचंही वजन केलं. एक घासही वहीतून सुटला नाही याचा मला केवढा अभिमान होता.

बाराव्या दिवशी मी सरासरी काढली. एका ढोराला दिवसाला अकरा किलो. मी कोळशाने कोठ्याच्या दारावर गुणाकार मांडला : सत्तावीस गुणिले अकरा गुणिले नव्वद. नव्वद का, ते सांगते. आमच्या भागात धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी, धान उभं असतानाच, बांधीतल्या, म्हणजे बांध घातलेल्या शेतातल्या, ओलीवर लाखोळीचं बी फेकतात. धान कापलं की खाली हिरवी लाखोळी वर येते. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही, उलट तिच्या मुळांनी पुढच्या धानाची जमीन सुधारते. पण गावचा रिवाज असा की धान कापलं की बांध्या सगळ्यांच्या ढोरांना मोकळ्या. कोतवाल दवंडी देई आणि अख्ख्या गावचा कळप शेतात उतरे. लाखोळी काढायला यायची फाल्गुनात, म्हणजे मधले तीन महिने ती कळपाच्या तोंडी. जे वाचेल ते आमचं. म्हणून नव्वद दिवस. उत्तर आलं सव्वीस हजार सातशे तीस किलो. मी ते तीनदा तपासलं. मग पळत जाऊन आईला सांगितलं की तुझी डाळ कुठे जाते ते मला सापडलं.

आईने तो आकडा ऐकला आणि मडक्याकडे पाहिलं. म्हणाली, "येवढी डाळ तं आपल्या सात पिढ्याईनं नाही खाल्ली, बाई."

मी ऐकलं नाही. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

बाबांवर मात्र त्या आकड्याची जादू झाली. ढोरांवर जीव असलेला माणूस, पण त्याहून जास्त जीव मोजलेल्या गोष्टीवर. त्यांनी माझी वही बंडीच्या खिशात घातली आणि चावडीवर गेले. तिथे पंचांसमोर त्यांनी मांडलं की यंदा धान कापल्यावर बोडीखालच्या बांध्या फाल्गुनापर्यंत ढोरांना बंद ठेवाव्या, म्हणजे प्रत्येक घराला रोवणीपर्यंत डाळ पुरेल. आजवर असं कोणी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी उडवून लावलं असतं. पण हे वहीत लिहिलेलं होतं आणि आकडा पाच अंकी होता. त्याच्यासमोर ठेवायला दुसरा आकडा कोणाकडेच नव्हता. पंच म्हणाले, पुढच्या सोमवारी ठरवू. बाबा घरी आले ते अर्धा हात उंच होऊन. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी आकडा सांगितला होता, आणि शेवटी "माह्या पोरीनं मोजलं" हे जोडलं होतं.

आमच्या गावचा ढोरकी सुकरू. वय पन्नाशीचं, काटक, बोलायचा फार कमी. सकाळी आखरावर, म्हणजे गावाबाहेर जिथे घराघरांतली ढोरं गोळा होतात तिथे, तो काठीवर हनुवटी टेकून उभा असे. त्याला ढोरामागे वर्षाचं ठरलेलं धान मिळे. शनिवारी मी आमची ढोरं आखरावर सोडायला गेले आणि न राहवून त्यालाही आकडा सांगितला. ऐकताना त्याची नजर ढोरांवरच होती.

"कवा मोजलं?" त्याने विचारलं.

सांगितलं, दिवाळीत.

"गायगोधन धरून?"

"हो. एकही दिवस सोडला नाही."

"मंग तू सणाचं पोट मोजलं, बाई," सुकरू म्हणाला. "रोजचं पोट नाही मोजलं. त्या दिवसाईत ढोर घरी बसून खाते, गावभरचं खाते. आता पाह्य याच्याकडे." त्याने काठीने आमच्याच गोऱ्ह्याची कूस दाखवली. दोन बरगड्यांमध्ये माझी मूठ बसली असती.

मी तिथेच आखरावर खाली बसले. मला एकदम सगळं दिसलं. नुसतं सणाचं पोट नव्हे. शेतात गेलेलं ढोर धसकटं खातं, धुऱ्यावरचं गवत खातं, आणि मी त्याचं अख्खं पोट लाखोळीने भरलं होतं. आईला जे एका वाक्यात कळलं होतं ते मला बारा दिवस तराजू लावून कळलं नव्हतं. आमच्या अख्ख्या गावात सव्वीस हजार किलो लाखोळी पिकत नसावी, आणि ती मी एकट्या आमच्या कोठ्याला खाऊ घातली होती. आणि तो आकडा घेऊन बाबा गावभर फिरले होते.

आज माझी मुलगी पुण्याला असते. तिने दोन वर्षांपूर्वी दूध सोडलं, तूप सोडलं, आणि फोनवर मला जगभरचे आकडे सांगते : एका किलो मांसाला पाणी किती, चाऱ्याला जमीन किती, गुरांच्या ढेकरांनी हवा किती तापते. ती सांगते त्यातलं बरंच खरं असेल. मी तिला एवढंच विचारते, "कोणी मोजलं आणि कधी मोजलं?" ती चिडते. तिला वाटतं मी ढोरांची बाजू घेते. मी कोणाचीच बाजू घेत नाही. मी फक्त एकदा सणाचं पोट मोजलेली बाई आहे.

घरी येऊन बाबांना सांगणं भाग होतं. ते दुपारचे जेवायला बसले होते. मी उंबऱ्याजवळ उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. बाबांचा घास हातात राहिला. आई चुलीपाशी पाठमोरी होती, तिने वळून पाहिलं नाही. बाबांनी घास ताटात ठेवला आणि ते पाणी प्यायले. मग त्यांनी विचारलं की खरा आकडा किती. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "आकडा माहीत नसला तरी चालते. खोटा माहीत असला तं नाही चालत. सोमवारी तूच सांगजो चावडीवर. मी सांगितलं तं लोक म्हणतीन, बाप पोरीले झाकून राहिला."

सोमवारी मी बाबांच्या मागे चावडीवर गेले. मुली तिथे जात नसत. पण खरं सांगायचं तर मला एक विलक्षण हुरूप होता, परीक्षेचा पेपर हातात पडताना असतो तसा. पंचांमध्ये डोमाजी नावाचे एक गृहस्थ होते, बाबांचे बालमित्र आणि त्यामुळे त्यांचे सगळ्यात मोठे टवाळखोर. मी उभी राहून म्हटलं, माझा आकडा चुकला. मी सणाच्या दिवसांत मोजलं आणि सगळं पोट लाखोळीचं धरलं. हशा पिकला.

"किसनभाऊ," डोमाजी बाबांना म्हणाले, "मी तं दोन दिवसापासून मायी ढोरं घरातच बांधून ठेवली गा. म्हटलं, हे आता बांधीबरोबर मलेही खातीन."

लोक पोट धरून हसले. बाबा खाली मान घालून बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. पंच आता उठणार, विषय संपणार, असं वाटत असतानाच पायरीवरून आवाज आला. सुकरू तिथे बसला होता. ढोरांबद्दल बोलणं निघणार म्हणून त्यालाही बोलावलेलं होतं, पण विचारलं कोणीच नव्हतं.

"पोटाचं सोडा," तो म्हणाला. "खुराचं मोजा."

डोमाजींनी विचारलं, म्हणजे काय गा? सुकरूने सांगितलं की तीस वर्षं तो या कळपामागे चालतो आहे. ढोर लाखोळीचे चार घास घेतं आणि चौथ्या घासापर्यंत जाताना सोळा पावलं टाकतं. ओल्या बांधीत खूर घोट्यापर्यंत जातो. खाल्लेलं रोप पुन्हा फुटतं, तुडवलेलं फुटत नाही. एवढं बोलून तो पुन्हा काठीवर हनुवटी टेकून बसला. मला वाटतं आमच्या चावडीवर तितकं मोलाचं वाक्य त्या वर्षी दुसरं बोललं गेलं नाही, आणि ते बोलणाऱ्याचं पोट ढोरांच्या संख्येवर होतं.

पंचांनी तोडगा काढला. बांध्या बंद करायच्या नाहीत. पण किसनभाऊंना हवं तर त्यांनी आपली एक बांधी अर्धी कुंपणात घ्यावी, अर्धी मोकळी ठेवावी, आणि फाल्गुनात काय ते दाखवावं. डोमाजी म्हणाले, पोरगी मोजीन, पण माप मी धरीन. बाबांनी मान हलवली.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे महिने होते असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. बाबांनी आणि मी बोरीच्या काट्या तोडून आणल्या आणि बोडीखालच्या बांधीच्या मधोमध कुंपण घातलं. दर रविवारी मी सुकरूमागे कळपाबरोबर निघे. आईने फडक्यात भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांदा बांधून दिलेला असे. बांबूच्या चार काड्यांचा हातभर चौकोन मी बांधला होता. तो सकाळी शेतात टाकून आतली रोपं मोजायची, कळप गेला की पुन्हा मोजायची. पहिल्याच रविवारी एका चौकोनात चाळीस रोपं होती. संध्याकाळी सहा खाल्लेली, एकोणीस तुडवलेली, पंधरा उभी. मी धुऱ्यावर उभी राहून ओरडले, "सुकरूबाबा, सहा आणि एकोणीस!" त्याने लांबूनच हात वर केला. त्याला त्यात नवल नव्हतंच. मला मात्र वाटलं, कोणी तरी माझ्या हातात गावाची किल्ली दिली.

एकदा मोजायला लागलं की डोळे थांबत नाहीत. बोडीची पाळ मी पाहिली : जिथून कळप पाण्यावर उतरे तिथे ती खुरांनी कापत जाऊन माझ्या कमरेइतकी खचली होती आणि ती माती बोडीत जाऊन बसली होती. टेकडीवर मोहाची झाडं मोजली. मोठी त्रेसष्ट. मग खालची रोपं शोधली. बोटभर उंचीची पुष्कळ होती, शेंडे कुरतडलेली. गुडघ्याएवढं एकही नाही. मी सुकरूला विचारलं की ही त्रेसष्ट म्हातारी झाल्यावर मोहफुलं कुठून येणार? तो म्हणाला, "मायी चिंता तेच आहे. पण ढोरकी झाडं मोजाले नसते ना ठेवला." उन्हाळ्यात डाळ संपली की अर्धं गाव मोहफुलांवर दिवस काढी, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फाल्गुनात लाखोळी वाळली. डोमाजी खरोखरच पायली घेऊन हजर झाले. कुंपणाच्या आतली एका खळ्यावर, बाहेरची दुसऱ्या खळ्यावर. मळणी झाली, उफणणी झाली, आणि अख्खं गाव गोल करून उभं राहिलं. डोमाजी मोठ्याने मोजत होते. बाहेरची आधी मोजली : एक, दोन, आणि दोनावर चिमूटभर. मग आतली. चौथ्या पायलीला कुजबुज थांबली. सहाव्या पायलीला डोमाजींचा आवाज बदलला. नवव्या पायलीला त्यांनी माप खाली ठेवलं, ढिगात हात घालून मूठभर लाखोळी उचलली आणि बाबांच्या हातात दिली. "घे गा," एवढंच म्हणाले. नऊ आणि दोन. शिवाय आतल्या बाजूचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ढोरांसाठी चार टोपल्या निघालं, ते वेगळंच. तेही मी लिहून घेतलं, कारण ढोरांच्या वाटचं लिहिलं नसतं तर ते पुन्हा खोटं झालं असतं.

चावडीवर ठरलं : पुढच्या वर्षी बोडीखालच्या सगळ्या बांध्या फाल्गुनापर्यंत बंद. मी नाचतच घरी आले. आई लाखोळी निवडत होती. तिने सगळं ऐकलं आणि मला जो प्रश्न पडला नव्हता तो विचारला. बांध्या बंद म्हणजे बोडीची वाट बंद; तीन महिने ढोरं घरी बांधायची, म्हणजे त्यांना पाणीही घरी पाजायचं. एका ढोराला दिवसाला दोन गुंड, म्हणजे दोन घागरी.

"चोपन्न गुंड पाणी कोण ओढंल व? तुही वही?"

 दारात बाबा उभे होते, त्यांनीही ऐकलं. विहीर वाड्यामागे चाळीस पावलांवर, आणि रहाट ओढणारे हात आईचे. बाबा कोठ्यात गेले आणि त्यांनी मला हाक मारली, वही घेऊन ये म्हणाले. मग आम्ही दोघांनी त्या दुपारी कोठ्यात उभं राहून पहिल्यांदाच ढोरं वेगळ्या तऱ्हेने मोजली. कामाचे बैल सहा. दुभत्या गाई चार. वासरं पाच. झाले पंधरा. उरलेली बारा कशासाठी, असं मी बाबांना विचारलं. त्यांनी बाराही जणांच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

पाच आत्याकडे नाकाडोंगरीला गेली. म्हणजे आमच्या टेकडीवरचा भार आम्ही तिथल्या जंगलावर टाकला, हे नमूद केलं पाहिजे. सात बाजारात गेली. बाबा संध्याकाळी रिकाम्या दोरखंडांचा गठ्ठा खांद्यावर घेऊन परतले आणि ओसरीवर न थांबता थेट आत गेले. त्या सातांचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. माझ्या वह्या आजही माझ्याकडे आहेत, पण तो आकडा त्यांत नाही. मुलगी जेव्हा म्हणते की माणसाने ढोरं कमी करायला हवीत, तेव्हा मला ते दोरखंड आठवतात. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. आम्हीही कमी केलीच. एवढंच की कमी केलेल्याचाही जमाखर्च असतो आणि आम्ही तो अर्धाच लिहिला.

पुढच्या वर्षी धान कापलं आणि कोतवालाने वेगळी दवंडी दिली. गावात इतरांनीही कोठे हलके केले होते. पाणी ओढायचा प्रश्न घरोघरच्या बायांनी विचारला होता, हे आम्हाला नंतर कळलं. सुकरूचं धान कमी होणार होतं. त्यावर डोमाजींनीच उपाय सुचवला : बंद बांध्यांची राखण त्यानेच करावी आणि प्रत्येक घराने त्याला लाखोळी द्यावी. ज्याने तीस वर्षं कळप शेतात नेला तोच आता धुऱ्यावर उभा राहून तो अडवू लागला. मी शाळेत जाताना त्याला हाक मारून विचारी, "सुकरूबाबा, किती अडवली?" तो बोटं दाखवी. पहिल्या दिवशी दोन्ही हातांची बोटं पुरली नाहीत.

त्या फाल्गुनात आमचं मडकं तोंडापर्यंत भरलं आणि उरलेल्या डाळीसाठी शेजारणीकडून दुसरं मागून आणावं लागलं. मोहाची गुडघ्याएवढी रोपं टेकडीवर दिसायला आणखी चार वर्षं गेली. ती मी लग्न होऊन जवाहरनगरच्या क्वार्टरात जायच्या आधी मोजली : अकरा. आता ती झाडं आहेत आणि त्यांखाली बायका फुलं वेचतात. पण हे माझं पुढचं मोजमाप झालं. सांगायची ती गोष्ट आषाढातली.

रोवणी चालू होती. दुपारी बांधीवर न्यायची शिदोरी आई बांधत होती आणि मी मदतीला होते. घरात फोडणी दिलेल्या डाळीचा वास भरला होता, आषाढात, जो वास मी त्या महिन्यात जन्मात घेतला नव्हता. बाहेर डोक्यावर इरली घेतलेल्या बाया आईला हाका मारत होत्या. आई निघाली, उंबऱ्यापर्यंत गेली, आणि परत फिरली. ती मडक्यापाशी आली. पेरांनी टकटक केली. मग माझा हात धरून तिने माझी बोटं मडक्याच्या पोटाला टेकवली आणि पुन्हा वाजवलं. आवाज कानाआधी हाताला लागला. ठस्स, मधोमध, भरल्या पोटाचा.

माझ्या वहीची पहिल्यापासून थट्टा केलेली माझी आई म्हणाली, "हे लिव."

मी विचारलं, किती लिहू?

"किती नको लिवू," ती टोपली डोक्यावर घेत म्हणाली. "कवा मोजलं ते लिव."

मी तारीख लिहिली. पुढे लिहिलं : सणाचा दिवस नाही.